प्रकटीकरण पहिल्यांदा वाचताय? शेवटच्या काळाच्या भाकितांकडे बघायच्या पद्धती, एकेक करून

बायबल नव्याने हातात घेतलेले बरेच जण उत्पत्तीपासून सुरू करतात आणि लेवीयमध्ये अडकतात, पण काही जण थेट शेवटचं पुस्तक उघडतात, कारण कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेला असतो की अमुक युद्ध म्हणजे यहेज्केल ३८, तमुक चिप म्हणजे श्वापदाची खूण, आणि आता फार दिवस उरले नाहीत. मग प्रकटीकरण उघडलं की सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, अजगर, टोळ, आणि डोकं गरगरायला लागतं. काही जण घाबरून पुस्तक मिटतात, काही जण भलतेच झपाटून जातात. हा लेख दोघांसाठी आहे.

मी झपाटलेल्यांतला. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी मी एक जाड वही केली होती. डाव्या पानावर वचन लिहायचं आणि उजव्या पानावर पेपरातलं कात्रण चिकटवायचं. फरात नदीचा उल्लेख प्रकटीकरणाच्या ९ व्या आणि १६ व्या अध्यायात आहे, फरात इराकमधून वाहते, जुनं बाबेल इराकमध्येच, म्हणजे सगळं जुळलंच की! फेब्रुवारी संपता संपता युद्धच संपलं आणि माझ्या वहीत अर्धी पानं कोरी राहिली. ती वही मी बायबल स्टडीतल्या एका वयस्कर काकांना दाखवली, त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटली आणि एवढंच विचारलं, "अरे, हे पत्र स्मुर्णाच्या मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हा तिथे बसलेल्या एखाद्या बाईला यातलं काय कळलं असेल रे?" प्रकटीकरण हे सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे आणि स्मुर्णाची मंडळी त्यातली एक. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची सगळी वर्षं मी याच प्रश्नामागे आहे असं म्हणायला हरकत नाही, आणि पुढे जे सांगतोय ते त्यातूनच आलंय.

पहिली पायरी: कशावर सगळ्यांचं एकमत आहे ते आधी बघून ठेवा

वाद इतके आहेत की नवीन माणसाला वाटतं ख्रिस्ती लोकांचं या विषयावर काहीच ठरलेलं नाही. तसं नाहीये. चौथ्या शतकात तयार झालेला नायसीन मतांगीकार, म्हणजे मंडळीत एकत्र म्हणायचं विश्वासाचं कबुलीवचन, ज्याचं आज म्हटलं जाणारं रूप साधारण इ.स. ३८१ चं, तो म्हणतो की ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल, आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळे इथे एकत्र उभे आहेत. वाद आहे तो "कधी", "कुठल्या क्रमाने" आणि "कुठलं चित्र कशाबद्दल" याचा. हे डोक्यात पक्कं ठेवा, म्हणजे पुढे समोरच्याचं मत वेगळं निघालं तरी तो विश्वासातूनच गेला असं वाटणार नाही.

दुसरी पायरी: पुस्तक स्वतः काय उलगडून सांगतं ते शोधा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण अर्धी कोडी पुस्तकातच सोडवलेली आहेत. १:२० मध्ये सरळ सांगितलंय की सात समया म्हणजे सात मंडळ्या. १२:९ मध्ये अजगर कोण ते सांगितलंय, सैतान. १७:१५ मध्ये जलं म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रं. १७:९ मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या माणसाच्या डोळ्यापुढे रोमच उभं राहायचं. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे पुस्तक स्वतःच्याच चित्राचा अर्थ सांगतं तिथे खूण करा, एक संध्याकाळ पुरते.

त्यानंतर जुना करार. प्रकटीकरणात जुन्या करारातली वाक्यं "असं लिहिलं आहे" म्हणून दिलेली नसतात पण ओळीओळीत मुरलेली असतात. एकच उदाहरण जवळून बघू. १३ व्या अध्यायात समुद्रातून श्वापद वर येतं, चित्त्यासारखं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, सात डोकी आणि दहा शिंगं. आता दानीएल ७ उघडा. तिथे समुद्रातून चार श्वापदं येतात, सिंह, अस्वल, चित्ता आणि एक भयानक चौथं. डोकी मोजा: सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याला चार असं तिथे लिहिलंय, चौथ्याचं एक, झाली सात. शिंगं चौथ्यालाच, दहा. म्हणजे प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने दानीएलाची चारही श्वापदं एकात ओतली! दानीएलात ती चार श्वापदं म्हणजे चार राजे किंवा राज्यं आहेत हे तिथेच सांगितलंय, तेव्हा योहान काय म्हणतोय ते हळूहळू दिसायला लागतं, की आतापर्यंतच्या सगळ्या जुलमी सत्तांचा अर्क आता एका ठिकाणी आलाय. हे मला पहिल्यांदा दिसलं त्या रात्री मला झोप आली नव्हती, आणि यात कात्रणाची गरज कुठेच पडली नव्हती.

आकड्यांचंही तसंच. सात म्हणजे पूर्ण, बारा म्हणजे देवाचे लोक, दहा आणि हजार म्हणजे मोठं परिमाण. १,४४,००० म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले हजार. हा आकडा शब्दशः धरायचा की देवाच्या संपूर्ण प्रजेचं चित्र मानायचं यावर मतभेद आहेत, पण गुणाकार तरी सगळ्यांना माहीत असावा.

तिसरी पायरी: चार पद्धती, एकाच परिच्छेदावर लावून बघा

नुसत्या व्याख्या पाठ करून काही होत नाही, म्हणून एकच परिच्छेद घेऊ, अध्याय ९ मधले टोळ. पाचवा कर्णा वाजतो, अगाधकूप उघडतं, धूर येतो, धुरातून टोळ. त्यांचे चेहरे माणसांसारखे, केस बायकांसारखे, दात सिंहासारखे, पंखांचा आवाज लढाईत धावणाऱ्या रथांसारखा, शेपटीला विंचवासारखी नांगी, आणि माणसांना मारायचं नाही पण पाच महिने छळायचं.

प्रीटेरिस्ट, म्हणजे भूतकाळवादी माणूस म्हणतो की यातलं बहुतेक सगळं पहिल्या शतकातच घडून गेलं. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं, इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतसच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला, आत उपासमार, आपसात मारामाऱ्या, आणि शेवटी मंदिर जळालं. वेढा वसंत ऋतूत सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालला, साधारण पाच महिने. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस याने ते सगळं डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय. या मंडळींचा मोठा आधार म्हणजे पुस्तकाचं पहिलंच वाक्य, की या गोष्टी लवकर होणार आहेत. शिवाय दानीएलाला शेवटच्या अध्यायात सांगितलं जातं की पुस्तक शिक्का मारून बंद कर, आणि योहानाला शेवटच्या अध्यायात सांगितलं जातं की शिक्का मारू नको कारण वेळ जवळ आलीये.

हिस्टॉरिसिस्ट, म्हणजे इतिहासवादी, म्हणतो की प्रकटीकरण म्हणजे मंडळीच्या सगळ्या इतिहासाचा आराखडा आहे, पहिल्या शतकापासून शेवटापर्यंत, क्रमाने. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना टोळांमध्ये सातव्या शतकापासूनची अरब सैन्यं दिसली. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ वरून ते "एक दिवस म्हणजे एक वर्ष" हा नियम लावतात, म्हणजे पाच महिने म्हणजे दीडशे दिवस म्हणजे दीडशे वर्षं. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात ही पद्धत जोरात होती आणि श्वापद किंवा ख्रिस्तविरोधक म्हणजे पोपशाही असं ल्यूथरसकट अनेक जण उघड म्हणायचे. १,२६० दिवस म्हणजे १,२६० वर्षं धरून काहींनी ५३८ ते १७९८ असा हिशोब मांडला, कारण १७९८ मध्ये फ्रेंच सेनापती बेर्तिएने सहाव्या पायस पोपला कैद केलं होतं. शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन याच पद्धतीचा, त्याने एका ठिकाणी इ.स. ८०० पासून मोजून २०६० पर्यंतचा हिशोब केलेला आहे. आज ही पद्धत मुख्यतः सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळींमध्ये टिकून आहे.

फ्युचरिस्ट, भविष्यवादी, म्हणतो की चौथ्या अध्यायापासून पुढचं जवळजवळ सगळं अजून व्हायचंय, शेवटच्या मोठ्या संकटाच्या काळात. टोळ म्हणजे त्या वेळी खरोखर सुटणाऱ्या दुष्ट शक्ती. काहींना इथे हेलिकॉप्टर दिसतात, पण सगळे फ्युचरिस्ट असं म्हणत नाहीत, त्यांच्यातले गंभीर अभ्यासक या हेलिकॉप्टरवाल्या अर्थापासून लांबच असतात, तेव्हा सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. आधुनिक रूपातली ही पद्धत साधारण १५९० च्या सुमारास फ्रान्सिस्को रिबेरा या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट म्हणजे कॅथलिक चर्चमधला एक धर्मसंघ) मांडली आणि प्रीटेरिस्ट पद्धतीची सविस्तर मांडणी लुईस दे अल्काझार या दुसऱ्या स्पॅनिश जेझुइटाची, जी १६१४ मध्ये छापली गेली. दोघांच्याही मांडणीमुळे पोपशाहीवरचा आरोप आपोआप बाजूला पडत होता, एकाने सगळं मागे ढकललं आणि दुसऱ्याने पुढे. म्हणजे अर्थ लावणारा माणूसही आपल्या काळातल्या भांडणात उभा असतो, हे तिथे दिसतं. अर्थात तेवढ्यावरून त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही, ते वचनांवरच तपासायला लागतं.

आयडियलिस्ट, म्हणजे प्रतीकवादी, म्हणतो की ही चित्रं कुठल्याच एका घटनेची नाहीत. प्रत्येक काळात देव आणि दुष्टाई यांच्यात जे चालतं त्याची ही चित्रं. टोळ म्हणजे पाप माणसाला आतून कसं कुरतडतं ते, म्हणूनच देवाचा शिक्का असलेल्यांना ते हात लावत नाहीत, आणि मुदत पाच महिनेच, म्हणजे छळाला मर्यादा आहे.

आता मजा बघा, चारही जण एक गोष्ट मान्य करतात की हे चित्र योएलाच्या पुस्तकातून आलंय, तिथे पहिल्या दोन अध्यायांत टोळधाड आहे, दात सिंहाचे, रूप घोड्यांचं, आवाज रथांचा. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो की आधी योएल वाच, मग ठरव.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी एका खुंटीला बांधलेला नाही. सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र त्यांना कळलं असलंच पाहिजे, म्हणून प्रीटेरिस्ट लोकांचं पहिलं पाऊल मला बरोबर वाटतं. नवं आकाश आणि नवी पृथ्वी अजून आलेली नाही हे डोळ्यांना दिसतंय, म्हणून फ्युचरिस्टांचं शेवटचं पाऊलही. मधला सगळा भाग प्रत्येक पिढीला लागू पडतो असं मी वाचतो. इतिहासवादी पद्धत मला सगळ्यात कमी पटते, कारण तिच्यात इतिहास म्हटलं की पश्चिम युरोपचाच येतो आणि बाकी जगातल्या मंडळ्या नकाशातच नसतात, आणि दर शंभर वर्षांनी तक्ता नव्याने काढायला लागतो. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो, "पूर्ण प्रीटेरिस्ट" म्हणून एक टोक आहे, ते म्हणतात ख्रिस्ताचं दुसरं येणं आणि पुनरुत्थानसुद्धा इ.स. ७० मध्येच झालं. ते पहिल्या पायरीवरच्या मतांगीकाराच्या बाहेर जातं. साधा, आंशिक प्रीटेरिस्ट तसं म्हणत नाही.

चौथी पायरी: ६६६ स्वतः मोजून बघा

हे करून बघितल्याशिवाय कुणाचाही ६६६ वरचा व्हिडिओ बघू नका. हिब्रू आणि ग्रीक भाषेत वेगळे अंक नव्हते, अक्षरांनाच किंमत असायची, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज निघायची. "नेरोन केसर" म्हणजे रोमचा सम्राट नीरो कैसर, हे हिब्रू अक्षरांत लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. करा बेरीज. ६६६.

एवढ्यावर कुणी म्हणेल योगायोग असेल. पण काही जुन्या हस्तलिखितांमध्ये इथे ६६६ च्या जागी ६१६ आहे, दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या बिशपलाही हा पाठभेद माहीत होता आणि त्याने तो चूक ठरवला होता. आता नीरोचं नाव लॅटिन पद्धतीने शेवटच्या "न" शिवाय लिहा, ५० गेले, उरले ६१६! दोन्ही आकडे एकाच माणसापाशी येतात, आणि त्याच माणसाने इ.स. ६४ च्या रोमच्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं होतं. मला हा पुरावा खूप वजनदार वाटतो.

पण दुसरी बाजूही ऐका. आयरेनियस म्हणतो की योहानाला हे दर्शन रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटी झालं, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास, तेव्हा नीरो मरून पंचवीसेक वर्षं झाली होती आणि मंदिरही राहिलं नव्हतं. बहुतेक अभ्यासक हीच उशिराची तारीख धरतात, आणि ती बरोबर असेल तर अध्याय ९ मध्ये यरुशलेमचा वेढा बघणाऱ्यांची अडचण होते. शिवाय आयरेनियसने ६६६ साठी वेगळीच नावं सुचवली, नीरोचं नाव काढलंच नाही. म्हणजे इतक्या लवकरच ही किल्ली हरवली होती, किंवा ती किल्ली नव्हतीच. फ्युचरिस्ट म्हणेल की नीरो हा नमुना होता, खरा यायचाय. आणि हो, "ख्रिस्तविरोधक" हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात येतो, आणि तिथे असे पुष्कळ ख्रिस्तविरोधक आधीच निघालेत असं लिहिलंय.

पाचवी पायरी: हजार वर्षांचा प्रश्न वेगळा ठेवा

प्रकटीकरण २० मध्ये सैतान हजार वर्षं बांधलेला आणि संत ख्रिस्ताबरोबर राज्य करतायत असं येतं. इथे वेगळीच तीन मतं सुरू होतात आणि नवीन माणूस आधीच्या चारांत ही तीन मिसळून टाकतो. वेगळी ठेवा.

प्रीमिलेनियल म्हणजे ख्रिस्त आधी येणार, मग हजार वर्षांचं राज्य पृथ्वीवर. पोस्टमिलेनियल म्हणजे सुवार्तेच्या प्रसाराने जगात आधी मोठा सुकाळ येणार आणि त्याच्या शेवटी ख्रिस्त येणार, अठराव्या शतकात अमेरिकेतला उपदेशक जोनाथन एडवर्ड्स असा विचार करायचा, पहिल्या महायुद्धाच्या नरसंहारानंतर हे मत फार लोकांना धरून ठेवता आलं नाही. अमिलेनियल म्हणजे हजार वर्षं हा आत्ताचाच काळ, ख्रिस्त स्वर्गातून राज्य करतोय आणि सैतानाला सुवार्ता अडवता येत नाही इतपत तो बांधलेला आहे. हे मत उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकात असं काही पक्कं मांडलं की पुढे हजारभर वर्षं पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तेच चाललं. त्याचा आधार येशूचं स्वतःचं बोलणं, की बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही.

ऑगस्टीन स्वतः आधी पहिल्या मताचा होता, नंतर बदलला. आणि त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक यरुशलेमातल्या हजार वर्षांच्या राज्यावर ठाम विश्वास ठेवूनही लिहून जातो की शुद्ध विश्वासाचे बरेच जण असे आहेत की ज्यांना हे पटत नाही. दुसऱ्या शतकातच हा मोठेपणा होता, तर आपण बायबल स्टडीत एकमेकांवर आवाज का चढवतो, हे मला खरंच कळत नाही.

सहावी पायरी: उचलून घेतलं जाणं, आणि सात वर्षं आली कुठून

सगळ्यात जास्त भीती इथे आहे. लहानपणी घरी आलो आणि घरात कुणी दिसलं नाही तर "सगळे वर गेले, मी एकटाच राहिलो" म्हणून रडलेली मुलं मला भेटलेली आहेत, मोठी झाल्यावरही त्यांच्या आवाजात ते ऐकू येतं. म्हणून इथे जरा सावकाश.

वचन आहे १ थेस्सलनीकाकरांस ४:१७, की जिवंत उरलेले मेघांत उचलले जाऊन प्रभूला सामोरे जातील. हे सगळेच मानतात. प्रश्न असा की हे येणं आणि शेवटचं येणं एकच आहे की दोन. "आधी गुपचूप उचलून नेणं, मग सात वर्षं संकट, मग उघड येणं" ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या ब्रदरन पंथातल्या शिक्षकाने १८३० नंतर पसरवली, आणि १९०९ मध्ये स्कोफिल्डचं टिपांसह छापलेलं बायबल निघालं तेव्हा ती घरोघरी गेली, कारण टिपा वचनाच्याच पानावर खाली छापलेल्या होत्या आणि वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक जाणवेनासा झाला. या सगळ्या मांडणीला डिस्पेन्सेशनलिझम म्हणतात. तिचा दुसरा खांब असा की इस्राएल राष्ट्र आणि मंडळी यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत, म्हणूनच १९४८ मध्ये इस्राएल देश झाला तेव्हा या लोकांना केवढं बळ आलं असेल ते समजू शकतं.

सात वर्षं मात्र प्रकटीकरणात लिहिलेली नाहीत. तिथे ४२ महिने किंवा १,२६० दिवस आहेत, म्हणजे साडेतीन वर्षं. सात येतात दानीएल ९ मधून, जिथे सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं सांगितलीयेत. डिस्पेन्सेशनल वाचन असं की ६९ सप्तकं ख्रिस्तापर्यंत संपली, मग घड्याळ थांबलं, आणि शेवटचं सप्तक, सात वर्षं, अजून व्हायचंय. दुसरे म्हणतात की मध्ये थांबायचं वचनात कुठे लिहिलंय, सत्तरावं सप्तक ख्रिस्ताच्या सेवेत आणि वधस्तंभातच पूर्ण झालं. तिसरे म्हणतात की हे सगळं इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट करणाऱ्या चौथ्या अँटिओकसबद्दल आहे. तिघांनाही वर्षांची बेरीज जुळवताना कुठे ना कुठे ओढाताण करायला लागते, हे मी तिन्ही बाजूंचं वाचूनच सांगतोय.

संकटाआधी उचललं जाणार म्हणणारे प्रकटीकरण ३:१० पुढे करतात, परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं वचन. संकटानंतर म्हणणारे मत्तय २४:२९ ते ३१ दाखवतात, तिथे संकटानंतर निवडलेल्यांना गोळा केलं जातं. आणि "सामोरं जाणं" यासाठी जो ग्रीक शब्द आहे, आपान्तेसिस, तोच प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये येतो, पौल रोमला येत होता तेव्हा तिथले भाऊ त्याला घ्यायला वाटेपर्यंत आले आणि मग त्याच्याबरोबर शहरात परत गेले. मला हे चित्र फार आवडतं, पाहुण्याला आणायला वेशीपर्यंत जातात तसं. आणि पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेला तो परिच्छेद संपवलाय तो या वचनांनी एकमेकांना धीर द्या असं सांगून, म्हणजे ज्या वचनांनी मुलं घाबरली ती लिहिली गेली होती आपली माणसं गमावलेल्यांच्या सांत्वनासाठी.

सातवी पायरी: मत्तय २४ आणि लूक २१ शेजारी शेजारी ठेवा

एका कागदाचे दोन भाग करा. मत्तयात येतं की ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ पवित्र स्थानात दिसला की यहुदीयातल्यांनी डोंगरात पळून जावं. लूकमध्ये त्याच जागी येतं की यरुशलेमला सैन्यांनी वेढलेलं दिसलं की पळून जावं. म्हणजे निदान हा भाग इ.स. ७० कडे बोट दाखवतो हे मान्य करणं फारसं अवघड जात नाही, आणि चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमचे ख्रिस्ती खरंच यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेले होते. पण पुढे मनुष्याचा पुत्र मेघांवर येतो, तिथे मतं फुटतात. "ही पिढी नाहीशी होणार नाही" यातली पिढी कुठली, यावर तर ढिगाने लिहिलं गेलंय. सुरुवातीला शिष्यांनी दोन गोष्टी एकत्र विचारल्या होत्या, मंदिर कधी पडणार आणि युगाची समाप्ती कधी, आणि उत्तरातही दोन्ही गुंफलेल्या आहेत, हे लक्षात ठेवून वाचलं की बरंच मोकळं होतं.

इथेच आणखी एक विचार उपयोगी पडतो, "आलंय पण अजून पूर्ण नाही". पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र योएलाचं वचन घेऊन म्हणाला की शेवटचे दिवस म्हणजे हेच. म्हणजे नव्या कराराप्रमाणे शेवटचे दिवस तेव्हाच सुरू झाले. विसाव्या शतकात जॉर्ज एल्डन लॅड आणि ऑस्कर कुलमन या नव्या कराराच्या अभ्यासकांनी हे छान मांडलं, कुलमनचं उदाहरण महायुद्धाचं होतं, निर्णायक लढाई जिंकलेली असते पण विजयाचा दिवस अजून यायचा असतो आणि मधल्या काळात लढाई चालूच असते.

आठवी पायरी: कुणी तारीख सांगितली तर

विल्यम मिलर हा अमेरिकन शेतकरी, प्रामाणिक माणूस, दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस वर्षं धरून इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि १८४३ च्या आसपास आला. वर्ष शून्य नसतं हे लक्षात आल्यावर १८४४, आणि शेवटी त्याच्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं होतं. त्यातल्या एकाने नंतर लिहिलंय की पहाट होईपर्यंत आम्ही रडत होतो. २०११ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर, आणि पुढच्या वर्षी चूक झाली म्हणून कबूल केलं. सगळ्यात भयंकर म्हणजे १५३४ चं जर्मनीतलं म्युन्स्टर, तिथे काही अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी (मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारा पंथ) शहरच नवं यरुशलेम म्हणून जाहीर केलं, ईस्टरला शेवट येणार म्हणणारा त्यांचा पुढारी त्याच ईस्टरला मारला गेला, आणि १५३५ च्या जूनमध्ये शहर पडलं तेव्हा कत्तल झाली.

यातले बहुतेक लोक लबाड नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी बेरीज बरोबर केली होती, पण तो दिवस आणि घटका कुणालाच ठाऊक नाही हे मत्तय २४:३६ बेरजेच्या बाहेर ठेवलं. तेव्हा तारीख आली की त्या व्हिडिओशी वाद घालत बसू नका, बंद करा. आणि त्या तारखेच्या नावावर कुणी पैसे मागत असेल, नोकरी किंवा शिक्षण सोडायला सांगत असेल, औषधं बंद कर म्हणत असेल तर लगेच घरच्यांना आणि तुमच्या पाळकांना सांगा, एकट्याने ते ओझं घेऊन बसू नका.

आता सुरुवात कुठून

आधी अध्याय २ आणि ३, सात मंडळ्यांची पत्रं, सगळी मिळून ५१ वचनं. यात गोंधळायला फार काही नाही आणि वाचणारे कोण होते ते कळतं, कोण छळ सोसत होतं, कोण कोमट झालं होतं. मग ४ आणि ५, सिंहासन आणि कोकरा, हे मध्यभाग समजा. मग थेट २१ आणि २२. शेवट माहीत असला की मधल्या अध्यायांची भीती निम्मी होते. त्यानंतर दानीएल ७, योएल १ आणि २, यहेज्केल १, आणि मग ६ ते २० कडे या.

वही करायची असेल तर कात्रणांची नको. पानाला चार उभे रकाने पाडा: चित्र, जुन्या करारात कुठे, पहिल्या वाचणाऱ्यांना काय कळलं असेल, आणि चौथा रकाना मतांचा, त्यात कोण काय म्हणतं ते. चौथा सगळ्यात शेवटी भरा, आणि पेन्सिलने. माझी आत्ताची वही अशीच आहे, स्मुर्णाचं पान काढलं की तिसऱ्या रकान्यात एवढंच आहे: दहा दिवस क्लेश होतील, मरेपर्यंत विश्वासू राहा, मी तुला जीवनाचा मुकुट देईन. त्या मंडळीत बसलेल्या बाईला हे नक्की कळलं असणार.